चेकच्या पोटातला शहा

बँकेत भरायचा चेक आणि राजकारणाच्या बातम्यांतला शह हे मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. फारसीत राजाला ‘शाह’ म्हणतात, त्यातून दोघे निघाले. एक सरळ वाटेने दख्खनेत उतरला आणि बुद्धिबळाच्या पटावरून थेट मराठी बोलण्यात येऊन बसला. दुसरा अरबी, लॅटिन, फ्रेंच अशा भाषा पालथ्या घालत इंग्रजीत पोचला, तिथे पाच-सहाशे वर्षं नाना उद्योग केले आणि मग इंग्रजांच्या बँकांबरोबर मुंबईला आला. आज ‘शह दिला’ आणि ‘चेक दिला’ या दोन वाक्यांत तोच इराणी राजा हजर असतो, पण ते कोणाच्या ध्यानात येत नाही. येण्याचं कारणही नाही, कारण राजाचा आणि पैसे देण्याच्या कागदाचा अर्थाने काहीही संबंध उरलेला नाही. तो कसा तुटत गेला हे मात्र नीट सांगता येतं. शब्द कधी हवेत उडी मारून नव्या अर्थावर गेला नाही. दर वेळी मधे एखादी हाताला लागणारी वस्तू होती: पट, टेबल, काठी, कागद. वस्तू बदलली, वापर बदलला, आणि नाव मात्र लोकांनी जुनंच चालू ठेवलं.

‘शाह’ची पाळंमुळं तर आपल्याच अंगणाजवळ निघतात. इसवी सनापूर्वीच्या ६ व्या शतकाच्या अखेरीस सम्राट दरायसने बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरून घेतला, त्यात तो स्वतःला राजांचा राजा म्हणवतो. तिथे राजासाठी आलेला शब्द ‘क्षायथिय’. त्याचं पुढे घासून घासून ‘शाह’ झालं, आणि ‘राजांचा राजा’चं शहेनशहा. संस्कृतातले ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ हे याच कुळातले. म्हणजे चेकचं गोत्र शोधत गेलं तर क्षत्रिय निघतं. बँकवाल्यांना हे कळवायला हरकत नाही.

खेळ आपल्याकडून गेला, हाक त्यांच्याकडून आली. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सैन्याची चार अंगं असलेला चतुरंग साधारण ६ व्या शतकात उत्तर भारतातून इराणात गेला. तिथे त्याचं चतरंग झालं, अरबांनी शतरंज केलं. राजावर चाल झाली की ‘शाह!’ म्हणून बजावायची रीत इराणातली. डाव संपला की ‘शाह मात’. या ‘मात’चा अर्थ अरबीत ‘मेला’ असा होतो, म्हणून ‘राजा मेला’ असा खुलासा सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही, तो कोंडला जातो, आणि फारसीत ‘मात’चा ‘हतबल झालेला’ हा अर्थ त्या स्थितीला चपखल बसतो. आपणही संकटावर मात करतो तेव्हा संकटाचा खून करत नाही, त्याला निष्प्रभ करतो.

अरबांकडून खेळ युरोपात गेला तेव्हा लॅटिनमध्ये ‘शाह’चं ‘स्काकुस’ झालं आणि जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’. या फ्रेंच शब्दाचं अनेकवचन ‘एशे’. इंग्रजांनी, बहुधा नकळत, दोन्ही रूपं उचलली. अनेकवचनाचं ‘चेस’ झालं आणि एकवचनाचं ‘चेक’. इंग्रजीत खेळाचं नाव ‘शहा’ अनेकवचनी, आणि त्यातल्या धोक्याच्या हाकेचं नाव ‘शहा’ एकवचनी, असा हा मामला आहे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांनी मात्र ‘शतरंज’ हे नावच धरून ठेवलं, त्यामुळे त्यांच्या ‘आहेद्रेस’ आणि ‘शाद्रेस’ या शब्दांत आपला चतुरंग अजून ओळखू येतो.

आता पहिली वस्तू: पट. फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला ‘एशेकिए’ म्हणू लागले, इंग्रजीत त्याचं ‘चेकर’. चौकटी चौकटींचा तो नमुना इतका ठसठशीत होता, की ढालींवर, झेंड्यांवर, कापडावर जिथे जिथे तसे चौकोन दिसले तिथे तिथे हा शब्द चिकटला. आपला चेक्सचा शर्ट तिथून आला. पण या शब्दाचं खरं नशीब फळफळलं ते एका टेबलामुळे.

१२ व्या शतकाच्या आरंभी, पहिल्या हेन्रीच्या राज्यात, इंग्लंडच्या राजाचा महसूल तपासायची एक ठरीव पद्धत बसली. परगण्या-परगण्यांतले शेरीफ वर्षातून दोनदा, ईस्टर आणि मायकेलमस या सणांना, हिशेब द्यायला येत. (मुंबईला शेरीफ म्हणजे नगरपाल नेमत ते हेच पद, फक्त तोवर त्यातला वसुलीचा दरारा पार निघून गेला होता.) हा हिशेब कसा होई याचं तपशीलवार वर्णन त्याच शतकात एका माणसाने लिहून ठेवलं. रिचर्ड फिट्झनील हा राजाचा खजिनदार होता, पुढे लंडनचा बिशप झाला. त्याने ११७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘डायलॉगस दे स्काकारिओ’ हा लॅटिन ग्रंथ रचला. नाव भारदस्त असलं तरी ग्रंथ म्हणजे गुरुशिष्यांच्या गप्पा आहेत. शिष्य भाबडे प्रश्न विचारतो आणि गुरू, म्हणजे मुरलेला सरकारी अधिकारी, खात्यातल्या खाचाखोचा सांगतो.

त्यात टेबलाचं वर्णन आहे. साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद. भोवती चार बोटं उंचीची कड, वर ठेवलेलं काही घरंगळू नये म्हणून. त्यावर दर वर्षी नवं काळं कापड पसरायचं. कापडावर उभ्याआडव्या रेघा. त्यांनी पडलेल्या स्तंभांत पेनी, शिलिंग, पौंड, मग वीस-वीस पौंड, शंभर, हजार अशी वाढती घरं. बारा पेन्यांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. एक अधिकारी या घरांत नाण्यांसारख्या चकत्या मांडत जाई: शेरीफकडून किती येणं आहे त्याची एक रांग, त्याने किती भरले त्याची दुसरी. मग खालच्या रांगेतल्या चकत्या वरच्यातून उचलत जायच्या. उरलं ते देणं.

एवढा खटाटोप कशाला? कारण लिहायचे आकडे रोमन होते आणि रोमन आकड्यांत वजाबाकी करणं म्हणजे शिक्षा. त्या आकड्यांत शून्य नाही, स्थानानुसार किंमत नाही. कापडावर मात्र घर रिकामं ठेवलं की शून्याचं काम आपोआप होई आणि चकती डावीकडे सरकवली की तिची किंमत वाढे. गंमत अशी की भारतातून निघालेला खेळ तोवर इंग्लंडात पोचला होता, आणि भारतातूनच निघालेलं शून्य त्या हिशेबाच्या टेबलापर्यंत पोचायला अजून काही शतकं लागायची होती. दुसराही फायदा होता. बऱ्याच शेरीफांना लिहितावाचता येत नसे, पण समोर सरकणाऱ्या चकत्या कोणालाही दिसत. हिशेब सगळ्यांच्या देखत होत होता.

या टेबलाला लोक पट म्हणू लागले. लॅटिनमध्ये ‘स्काकारिउम’, फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’, इंग्रजीत ‘एक्स्चेकर’. शिष्य विचारतो, हे नाव का पडलं? गुरू आधी चौकटींचं साम्य सांगतो आणि मग एक खुसखुशीत कारण जोडतो: बुद्धिबळात जशी दोन राजांची लढाई असते तशी इथेही दोघांची जुंपते, एकीकडे खजिनदार, दुसरीकडे शेरीफ, आणि बाकीचे बसून बघतात. आठशे वर्षांपूर्वीचा हा कारकुनी विनोद आहे. वसुली अधिकारी आणि ऑडिटर यांना समोरासमोर बसलेलं ज्याने पाहिलं आहे त्याला तो आजही कळेल.

नंतर टेबलाचं नाव खोलीला लागलं, खोलीचं खात्याला, खात्याचं सरकारी तिजोरीला. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चॅन्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणतात. त्याच्या पदनामात बुद्धिबळाचा पट आहे आणि पटात इराणचा राजा आहे, पण चकत्या केव्हाच उचलल्या गेल्या. ब्रिटिश पंतप्रधानांच्या खेड्यातल्या सरकारी बंगल्याचं नाव ‘चेकर्स’. तेही तिथल्या एका जुन्या मालकाच्या एक्स्चेकरमधल्या नोकरीवरून पडलं, असं सांगतात.

टेबलावर चकत्यांनी हिशेब मिटला, पण शेरीफच्या हाती पावती काय द्यायची? कागद नाही, चर्मपत्र महाग. पावती म्हणजे हेझेलच्या झाडाची काठी. तिला टॅली म्हणत. तिच्यावर खाचा पाडायच्या, आणि खाचेची रुंदी रकमेनुसार ठरलेली: हजार पौंडांना तळहाताएवढी, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या पिकलेल्या दाण्याएवढी. पेनीला लाकूड न काढता नुसती एक चीर. मग काठी उभी चिरायची, म्हणजे खाचा दोन्ही भागांवर अर्ध्या-अर्ध्या येत. लांब भाग पैसे भरणाऱ्याकडे, त्याचं नाव ‘स्टॉक’. आखूड भाग खात्याकडे, तो ‘फॉइल’. वाद झाला की दोन्ही भाग जुळवून पाहायचे. रेषा जुळल्या नाहीत, खाचा पुढेमागे झाल्या, तर लबाडी उघड. रतिबाच्या दुधाचा हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवण्यासारखाच हा प्रकार, फक्त इथे भिंतीचे दोन तुकडे करून एकेक दोघांनी नेला. चेकबुकाच्या उरलेल्या पट्टीला ‘काउंटरफॉइल’ म्हणतात त्यातला फॉइल हाच, आणि हिशेब ‘टॅली’ होत नाही म्हणून मार्चअखेर डोकं धरून बसणारा कारकून ज्या शब्दाला शिव्या घालतो तोही याच काठीचा.

या काठ्या १९ व्या शतकापर्यंत चालू होत्या, हे ऐकून खुद्द इंग्रजही ओशाळतात. त्या बंद करायचा कायदा १७८२ चा, पण जुन्या पदांवरची माणसं हयात होती म्हणून तो अमलात यायला १८२६ उजाडलं. मग ढीगच्या ढीग काठ्यांचं काय करायचं? १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या उमरावांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांमध्ये जाळायला घेतल्या. भट्ट्या प्रमाणाबाहेर तापल्या, आणि संध्याकाळपर्यंत पार्लमेंटची जवळजवळ सगळी जुनी इमारत पेटली. वेस्टमिन्स्टर हॉल तेवढा वाचला. आज चित्रांत दिसणारं घड्याळाच्या मनोऱ्याचं पार्लमेंट या आगीनंतरचं आहे. गरिबांना चुलीसाठी काठ्या वाटून टाकल्या असत्या तर हे टळलं असतं, असं डिकन्सने पुढे एका भाषणात खवचटपणे सुनावलं.

पण आपला ‘चेक’ इकडे दुसऱ्या वाटेने चालला होता. शह बसला की राजाच्या बाकी सगळ्या बेतांना खीळ बसते, आधी शह सोडवावा लागतो. त्यामुळे इंग्रजीत ‘चेक’चा अर्थ अडथळा, मग रोखणं, आवरणं असा पसरला. घोड्याला लगामाने आवरणं ते चेक. शिकारी ससाणा नेमलेलं सावज सोडून भलत्याच पक्ष्यामागे लागला तर तोही चेक. १८ व्या शतकात राजकीय विचारवंतांनी सत्तेच्या एका अंगाने दुसऱ्याला आवरण्याबद्दल हाच शब्द वापरला. इथपर्यंत मराठीही बरोबर आहे: ‘त्याला चांगला शह बसला’ म्हणताना आपल्यालाही आवर घातला गेल्याचाच अर्थ अभिप्रेत असतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच पाऊल टाकलं. पुढे मराठीचा शह आखाड्यातच राहिला आणि इंग्रजीचा चेक कचेरीत गेला.

कचेरीत तो गेला कसा, ते इंग्लंडच्या आरमारी गोद्यांत दिसतं. चॅटम, डेप्टफर्ड अशा गोद्यांमध्ये १७ व्या शतकात ‘क्लार्क ऑफ द चेक’ नावाचा अधिकारी असे. कोण कामगार आला, कोण नाही, याची हजेरी घेणं आणि गैरहजरांची मजुरी कापणं हे त्याचं काम. (आपल्या कचेऱ्यांतला ‘मस्टर’ हा शब्दही अशाच गणतीतून आला.) हा माणूस खोटी मजुरी लाटणाऱ्यांना आवर घालायचा, म्हणून तो ‘चेक’. पण आवर घालायचा कशाने? यादीशी माणसं ताडून. आवरणं आणि ताडून पाहणं या दोन गोष्टी त्या एकाच माणसाच्या कामात एकत्र आल्या, आणि हळूहळू शब्दाचा भार पहिलीवरून दुसरीवर सरकला. ‘एकदा चेक कर’ यातला आपला रोजचा अर्थ, चेकनाका, तिकीट चेकर, दवाखान्यातलं चेकअप, सगळं त्यातून आलं.

इथे त्याच्या शेजारी ‘कंट्रोल’ ठेवून बघावा. हाही हिशेबातलाच. फ्रेंचमध्ये ‘काँत्र-रोल’ म्हणजे प्रतिनोंद, मूळ गुंडाळीशी ताडून पाहायला ठेवलेली दुसरी गुंडाळी. म्हणजे याचा आधीचा अर्थ ताडून पाहणं आणि नंतरचा ताब्यात ठेवणं. चेक रोखण्यातून तपासण्यात आला, कंट्रोल तपासण्यातून रोखण्यात गेला. दोघे एकाच कचेरीच्या दारात समोरासमोरून येऊन एकमेकांच्या जागी जाऊन बसले. देशाच्या महालेखापरीक्षकांच्या इंग्रजी पदनामात ‘कॉम्प्ट्रोलर’ असं विचित्र स्पेलिंग आहे. मोजणीशी संबंध दाखवण्याच्या हौसेने कोणा पंडिताने जुन्या काळी त्यात ‘म’ आणि ‘प’ घुसडले. उच्चार अजून कंट्रोलरच.

बँकेचा चेक ही या प्रवासातली शेवटून दुसरी वस्तू. १६५९ मध्ये लंडनच्या मॉरिस अँड क्लेटन या सावकारी पेढीवर काढलेली एक हस्तलिखित चिठ्ठी आज उपलब्ध आहे, अमक्याला इतके पौंड द्यावेत अशी. व्यवहाराने ती चेकच, पण तेव्हा तिला चेक म्हणत नसत. नाव आलं तुकड्यावरून. १६९६ पासून सरकार उसन्या पैशांसाठी ‘एक्स्चेकर बिलं’ काढू लागलं. ती वेड्यावाकड्या रेषेत कापून एक पट्टी मागे ठेवत, टॅलीचाच कागदी वारस. ताडून पाहायच्या या पट्टीला १८ व्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणत होते. १७१७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने ग्राहकांसाठी नक्षीदार छापील कागद काढले, तेही लबाडीला आवर घालण्यासाठी. हळूहळू स्थळप्रतीचं नाव मूळ कागदाला लागलं. मागे राहणारा तो आधी चेक होता, नंतर पुढे जाणारा चेक झाला.

स्पेलिंगबद्दल एक समज पक्का आहे: अमेरिकनांनी नेहमीप्रमाणे अक्षरं गाळून मूळ इंग्रजी शब्द आखूड केला. उलट आहे. बँकेच्या कागदासाठी आखूड स्पेलिंगच आधीचं. १८२० च्या दशकात जेम्स विल्यम गिलबार्ट या बँकरने आपल्या ग्रंथात लांबडं स्पेलिंग जाणूनबुजून स्वीकारलं आणि कारणंही दिली: बाकी अर्थांशी घोटाळा होत नाही, आणि ते ‘एक्स्चेकर’शी जुळतं. ब्रिटनने ते उचललं, अमेरिकेने नाही, आपण ब्रिटनच्या मागोमाग गेलो.

हा शब्द अरबी ‘सक्क’वरून आला असंही हल्ली ठामपणे लिहिलं जातं. सक्क म्हणजे पैसे देण्याची लेखी हमी. मध्ययुगीन मुस्लिम जगात ती खरोखर प्रचलित होती. १० व्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहाराच्या दक्षिण कडेच्या औदाघोस्त गावात ४२,००० दीनारांचा सक्क पाहिल्याचं नोंदवलं आहे. व्यवहार म्हणून सक्क चेकचा पूर्वज असेलही. पण शब्द म्हणून नाही, कारण इंग्रजीत ‘चेक’ आधी स्थळप्रतीला म्हणत आणि मग हमीच्या कागदाला. सक्क थेट आला असता तर क्रम उलटा दिसायला हवा होता.

फ्रेंचांची मात्र कमाल झाली. ‘एशेक’ त्यांनीच इंग्रजांना दिला होता. १९ व्या शतकात तोच बँकेच्या कागदाचं रूप घेऊन परत आला, आणि १८६५ मध्ये त्यांनी त्यावर कायदा केला. आता फ्रेंचमध्ये ‘एशेक’ म्हणजे अपयश, त्याचंच अनेकवचन म्हणजे बुद्धिबळ, आणि ‘शेक’ म्हणजे बँकेचा चेक.

आपल्याकडे चेक येण्याआधी हुंडी होती, आणि तिची भाषा चेकने जशीच्या तशी घेतली. हुंडी वटायची, तसा चेक वटू लागला. चेकचा आपल्याकडचा कायदा १८८१ चा, ब्रिटनच्या स्वतःच्या कायद्याच्या एक वर्ष आधीचा. सरकारी मराठीत त्याला ‘परक्राम्य संलेख अधिनियम’ म्हणतात. कोर्टाच्या आवारात त्याला कोणी या नावाने हाक मारत नाही, तिथे ‘एकशे अडतीसची केस’ एवढंच चालतं. चेक न वटल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड, अशी तरतूद त्या कलमात आहे. कलम मूळ कायद्यातलं नाही, १९८८ मध्ये घातलं आणि एप्रिल १९८९ पासून लागू झालं. ‘धनादेश’ हा शब्द सरकारने आणि वर्तमानपत्रांनी रुजवला, तो बातमीत शोभतो, बाजारात नाही.

१ जानेवारी २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने ‘पॉझिटिव्ह पे’ ही पद्धत आणली. पन्नास हजार आणि त्यावरच्या रकमांचे चेक देणारा ग्राहक चेकचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि कोणाला दिला हे बँकेला आधीच कळवू शकतो. चेक समोर आला की बँक दोन्ही तपशील ताडून पाहते. काठी नाही, कागदाची पट्टीही नाही, नुसती संगणकातली नोंद, पण काम स्थळप्रतीचंच. तेव्हा मोठ्या रकमेचा चेक फाडला की घरात विचारलं जातं, ‘चेकचे डिटेल्स चेक करून पाठवलेस ना?’